माय हीरो अकॅडेमिया, खंड १: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा खंड नक्की कोणता आणि त्यात गोष्ट कुठपर्यंत येते?

कोहेइ होरिकोशी यांच्या ‘माय हीरो अकॅडेमिया’ या मांगा (जपानी चित्रकथा) मालिकेचा हा पहिला खंड. मूळ नाव ‘बोकु नो हीरो आकादेमिया’. शुएइशा या प्रकाशन संस्थेच्या ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात मालिका जुलै २०१४ मध्ये सुरू झाली. जपानीत हा खंड नोव्हेंबर २०१४ मध्ये आला आणि व्हिझ मीडियाची इंग्रजी आवृत्ती ऑगस्ट २०१५ मध्ये. खंडाला वेगळं उपशीर्षकही आहे: ‘इझुकु मिदोरिया: ओरिजिन’. इंग्रजी आवृत्ती १९२ पानांची आहे.

यात पहिली सात प्रकरणं आहेत. शक्तीविना जन्मलेला चौदा वर्षांचा इझुकु, त्याची ऑल माइट या सर्वांत मोठ्या नायकाशी भेट, दहा महिन्यांची तयारी, नायक घडवणाऱ्या यू.ए. शाळेची प्रवेश परीक्षा, वर्गशिक्षक आइझावांची पहिल्याच दिवशीची चाचणी आणि शेवटी नायकाचा पोशाख घालून सरावाला उभा राहिलेला इझुकु, इथे खंड थांबतो. त्या सरावातली लढत दुसऱ्या खंडात आहे. पुढच्या उत्तरांत गोष्टीतले बरेच तपशील उघड केले आहेत. खंड कोरा वाचायचा असेल तर आधी फक्त खरेदीचं आणि वाचनाच्या दिशेचं उत्तर वाचा.

विकत घेताना काय तपासायचं?

मराठी वाचक बहुतेक व्हिझची इंग्रजी आवृत्ती घेतो. तिचा आयएसबीएन ९७८-१-४२१५-८२६९-६. मागवण्याआधी हा आकडा विक्रेत्याच्या पानावर जुळवून पाहा, कारण याच मालिकेच्या नावाने कादंबऱ्या आणि उपमालिकाही निघाल्या आहेत आणि त्यांच्याही पहिल्या भागावर ‘१’च छापलेला असतो.

नकली प्रती फुटपाथवर मिळतात, ऑनलाइनही मिळतात. ओळखायच्या तर आतलं एखादं दाट काळं पान उघडा. अस्सल प्रतीत काळा भाग भरीव असतो. नकली प्रतीत तो राखाडी पडतो, कारण छापील पुस्तक स्कॅन करून पुन्हा छापलेलं असतं. त्याहून खात्रीची खूण म्हणजे राखाडी छटा. मांगात सावली बारीक ठिपक्यांच्या जाळीने दाखवतात, तिला स्क्रीनटोन म्हणतात. ही जाळी स्कॅन झाली की ठिपके एकमेकांवर चढून चेहऱ्यावर, आकाशावर लाटांसारखे पट्टे उमटतात. मधल्या शिवणीत शब्द गिळले गेले असतील किंवा पानाच्या कडेला चित्र कापलेलं असेल, तर ती प्रत घेऊ नका. होरिकोशींची चित्रं कडेपर्यंत भरलेली असतात, त्यामुळे कापलेल्या पानात खरोखर काहीतरी हरवतं.

मोफत आणि कायदेशीर वाचता येतं का?

सुरुवात येते. शुएइशाच्या ‘मंगा प्लस’ या अॅपवर आणि संकेतस्थळावर पहिली तीन प्रकरणं इंग्रजीत मोफत आहेत. व्हिझची ‘शोनेन जंप’ सदस्यता भारतातही चालते आणि तिच्यात जुनी प्रकरणं वाचता येतात. मात्र पहिल्या प्रकरणात दोन पानांवर पसरलेली चित्रं आहेत. फोन उभा धरला तर ती मधोमध तुटतात, म्हणून तिथे फोन आडवा करा.

उजवीकडून डावीकडे वाचताना गोंधळ होतो. नेमका क्रम काय?

आपल्याला ज्या बाजूला पुस्तकाचं मलपृष्ठ वाटतं, तिथून सुरुवात करायची. चुकून दुसरीकडून उघडलंत तर व्हिझची सूचना दिसेल की तुम्ही उलट्या बाजूने वाचताय.

पानावर वरच्या ओळीत उजवीकडची चौकट आधी, मग डावीकडची, मग खालची ओळ. चौकटीतले बोलण्याचे फुगेही याच क्रमाने. खरी अडचण येते ती उजवीकडे दोन ओळींइतकी उंच चौकट असली की. ती आधी वाचायची, मग तिच्या डावीकडच्या चौकटी वरून खाली. उंच चौकट डावीकडे असेल तर उलट: आधी उजवीकडच्या वरून खाली, शेवटी ती.

तरीही अडलात तर चौकटींमधल्या पांढऱ्या फटी पाहा. जपानी मांगात आडव्या फटी सहसा रुंद असतात आणि उभ्या अरुंद. अरुंद फट ओलांडून आधी बाजूला जायचं आणि रुंद फट ओलांडून नंतर खाली. हे एकदा डोळ्यांत बसलं की बोट धरून वाचावं लागत नाही. फटी काळ्या दिसल्या तर बहुधा भूतकाळ चालू आहे.

एक खास सूचना. इझुकुला पुटपुटायची सवय आहे. कुठलाही नायक दिसला की त्याची शक्ती कशी चालते, कुठे कमी पडते याचं विश्लेषण तो स्वतःशीच करत राहतो आणि चौकट बारीक अक्षरांनी भरून जाते. ती सगळी अक्षरं वाचलीच पाहिजेत असं नाही. जपानी मुळात तिथे ‘बुत्सुबुत्सु’ हा पुटपुटण्याचा ध्वनिशब्द असतो आणि तो आवाज म्हणूनच पाहायचा आहे.

पहिलं प्रकरण इतकं लांब का?

शोनेन जंपमध्ये नव्या मालिकेला पहिल्या आठवड्यात जास्त पानं मिळतात. नेहमीचं प्रकरण साधारण १९ पानांचं, तर हे पन्नासच्या पुढे जातं. वाचकांचा कौल दर आठवड्याला घेतला जातो आणि मालिका तगणार की बंद होणार हे लवकर ठरतं. होरिकोशींच्या आधीच्या दोन मालिका पाच आणि दोन खंडांतच आटोपल्या होत्या. त्याआधी २००८ मध्ये त्यांनी एक स्वतंत्र लघुकथा काढली होती. तिचा नायकही शक्ती नसलेला आणि आडनावाने मिदोरियाच, पण तो नोकरी करणारा मोठा माणूस होता. तोच धागा इथे शाळकरी मुलाच्या हाती आला.

हे प्रकरण एका बैठकीत वाचा. त्याची बांधणी एका प्रश्नावर आहे. चार वर्षांच्या इझुकुला डॉक्टर सांगतात की पायाच्या करंगळीत दोन सांधे आहेत, म्हणजे शक्ती येणार नाही. घरी तो ऑल माइटचा जुना व्हिडिओ लावून आईला विचारतो, “मीही नायक होऊ शकेन ना?” आई त्याला मिठी मारून रडत माफी मागते. त्याला हवे होते ते शब्द ती बोलत नाही. ते शब्द प्रकरणाच्या शेवटच्या पानांत दुसऱ्याच माणसाच्या तोंडून येतात. मध्ये दोन दिवसांचा खंड पडला तर या दोन प्रसंगांमधली तार सुटते.

‘क्वर्क’ म्हणजे काय?

या जगातल्या सुमारे ८० टक्के लोकांना जन्मजात काही ना काही वेगळी शक्ती असते. पहिली नोंद चीनमधल्या एका प्रकाशमान बाळाची. इंग्रजीत या शक्तीला ‘क्वर्क’ म्हटलं आहे, जपानीत ‘कोसेइ’. कोसेइ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. ‘या मुलाचं स्वतःचं असं एक वैशिष्ट्य आहे’ असं आपण म्हणतो, त्यातलं ‘वैशिष्ट्य’ म्हणजे कोसेइ. शक्ती नसलेल्याला जपानीत ‘मुकोसेइ’ म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ होतो ज्यात स्वतःचं काहीच नाही असा माणूस. इझुकुला डॉक्टर काय सांगतात ते या अर्थाने पुन्हा वाचून पाहा. इंग्रजीत ही धार बोथट होते.

देकू, कात्चान, यू.ए.: या नावांचा अर्थ काय?

‘इझुकु’ ज्या दोन चित्रलिपी-अक्षरांनी लिहितात, तीच ‘देकू’ अशीही वाचता येतात. ‘देकुनोबो’ म्हणजे लाकडाची बाहुली, आपल्या भाषेत ठोकळा, कुचकामी. इझुकुचा बालपणापासूनचा सोबती बाकुगो याने लहानपणी हेच हेरून टोपणनाव पाडलं. खंडाच्या उत्तरार्धात उराराका ही वर्गमैत्रीण म्हणते की तिला देकू हे नाव आवडतं, कारण त्यातून ‘गांबारे!’ म्हणजे ‘जोर लाव!’ असा सूर ऐकू येतो. एका वाक्यात शिवी उलटते आणि पुढे तो हेच नाव अभिमानाने लावतो.

कात्चान हे कात्सुकी बाकुगोचं लाडाचं नाव. बाकुगो इतका छळतो तरी इझुकु ते सोडत नाही, यावरून दोघांची ओळख किती जुनी आहे ते कळतं. इझुकु स्वतःला ‘बोकु’ म्हणतो आणि बाकुगो ‘ओरे’. दोन्हींचा अर्थ ‘मी’, पण पहिला नम्र मुलाचा, दुसरा छाती पुढे काढलेल्याचा. मालिकेच्या नावातलाही ‘बोकु’च.

शाळेचं नाव जपानीत ‘यूएइ’. नायकाला जपानीत ‘एइयू’ म्हणतात. त्यातली दोन अक्षरं उलटी लावली की शाळा तयार होते.

होरिकोशींचं ‘स्टार वॉर्स’वरचं प्रेमही नावांत दिसतं. इझुकु ज्या किनाऱ्यावर तयारी करतो त्याचं नाव डागोबा ग्रहावरून आणि सुरुवातीच्या चकमकीतलं रेल्वे स्थानक टॅटूइन ग्रहावरून घेतलं आहे.

ऑल माइट बाकीच्यांपेक्षा वेगळा का काढला आहे?

मुद्दाम. ऑल माइट अमेरिकन कॉमिक्सच्या धाटणीत आहे: जाड रेषा, डोळ्यांच्या खाचा काळ्याकुट्ट, स्नायूंवर गडद सावल्या. आजूबाजूची माणसं साध्या मांगा शैलीत. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचून मोठे झालेल्यांना ही काळ्या शाईची सावली ओळखीची वाटेल. त्याच्या ठोशांना अमेरिकेतल्या शहरांची आणि राज्यांची नावं आहेत, डेट्रॉइट स्मॅश, टेक्सस स्मॅश.

ही शैली गोष्टीलाही उपयोगी पडते. पाच वर्षांपूर्वीच्या जखमेत त्याचा श्वसनसंस्थेचा अर्धा भाग निकामी झाला, जठर काढावं लागलं आणि आता तो दिवसाला जेमतेम तीन तास नायकाचं काम करू शकतो. वेळ संपली की तो हडकुळ्या माणसात आक्रसतो आणि रेषाही बारीक, थरथरत्या होतात. दोन्ही रूपं एकाच चौकटीजवळ येतात तिथे जरा थांबून रेषेची जाडी पाहा.

शक्ती द्यायचीच होती, तर दहा महिने कचरा का उचलायला लावला?

कारण ऑल माइट इझुकुला देणार असलेली ‘वन फॉर ऑल’ ही अनेकांनी साठवत आणलेली शक्ती आहे. तयार नसलेल्या शरीरात ती शिरली तर हातपाय उखडून जातील, असं ऑल माइट स्पष्ट सांगतो. म्हणून आधी भांडं घडवायचं, मग त्यात ओतायचं. किनाऱ्यावर प्रवाहाने वाहून आलेला आणि लोकांनी चोरून टाकलेला कचरा साठलेला आहे: फ्रिज, टायर, गाड्या. ओढणं, उचलणं, वाळूत पाय रोवणं यांतून सगळं शरीर एकदम घडतं. शिवाय नायकाचं काम मुळात लोकांसाठी विनामोबदला राबण्याचं होतं, हेही त्यात येतं. इझुकु सांगितलेल्यापेक्षा जास्त भाग साफ करतो. मुदतीच्या पहाटे ढिगाऱ्यावर उभा राहून तो ओरडतो, तेव्हा मागे मोकळं क्षितिज दिसतं.

शक्ती देण्याची पद्धत मात्र अगदी साधी आहे. देणाऱ्याचा डीएनए पोटात गेला पाहिजे, म्हणून ऑल माइट केस पुढे करतो आणि म्हणतो, खा.

इझुकुला यंत्रमानवांचे शून्य गुण मिळाले, मग तो पास कसा झाला?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, कारण नियम परीक्षार्थींना अर्धेच सांगितलेले असतात.

प्रात्यक्षिक परीक्षा दहा मिनिटांची. नकली शहरात १, २ आणि ३ गुणांचे यंत्रमानव सोडलेले. चौथा प्रकार इमारतींएवढा अवाढव्य आणि त्याचे गुण शून्य. त्याच्याशी लढण्यात काहीच फायदा नाही, टाळायचा. सुरुवातीलाही उलटी गिनती नसते. खऱ्या लढाईत कोणी आकडे मोजत नाही, असं परीक्षा घेणारा शिक्षक प्रेझेंट माइक ओरडतो आणि इझुकु तिथेच मागे पडतो.

शून्यवाला येतो, सगळे पळतात, उराराकाचा पाय ढिगाऱ्याखाली अडकतो. इझुकुच्या खाती एकही गुण नाही, वेळ संपत आलेली, आणि तो उलट दिशेने धावतो. एका ठोशात यंत्र कोसळतं, पण त्याचे दोन्ही पाय आणि उजवा हात मोडतो.

परीक्षकांकडे गुणांचा दुसरा, न सांगितलेला रकाना असतो: बचावाचे गुण. निकाल असा: बाकुगो ७७ अधिक ०, उराराका २८ अधिक ४५, इझुकु ० अधिक ६०. बाकुगो पहिला आला खरा, पण त्याच्या दुसऱ्या रकान्यातलं शून्य विसरू नका, मालिका बराच काळ त्या शून्याशी झुंजते. निकालाच्या चित्रफितीत उराराका स्वतःचे गुण इझुकुला द्यायला प्रेझेंट माइककडे गेलेली दिसते. गुण असे देता येत नाहीत आणि द्यायची गरजही नाही, असं तो तिला सांगतो.

पहिल्या प्रकरणातल्या चिखल-खलनायकाच्या प्रसंगाशेजारी हे ठेवून वाचा. तिथेही व्यावसायिक नायक थांबलेले आणि शक्ती नसलेला इझुकु दप्तर फेकत धावलेला. विचार करण्याआधीच पाय पळाले, असं तो म्हणतो. आमच्या मते हा खंड शक्ती मिळण्याचा नाही. पळालेल्या पायांना शरीराने साथ कशी द्यायची, याचा आहे.

चेंडूफेकीत नक्की काय घडतं?

आइझावांची चाचणी आठ प्रकारांची आहे आणि ती हवेतून आलेली नाही. जपानी शाळांत अशी आठ प्रकारांची शारीरिक क्षमता चाचणी खरोखर घेतात: ५० मीटर धावणं, पकडीची ताकद, उभ्याने लांब उडी, बाजूला पावलं टाकणं, चेंडूफेक वगैरे. इथे फक्त शक्ती वापरायची मुभा आहे. इइदा हा वर्गमित्र ५० मीटर ३.०४ सेकंदांत धावतो. उराराका चेंडूचं वजन काढून टाकते आणि तिच्या नावापुढे अनंताचं चिन्ह येतं.

बाकुगोची फेक ७०५.२ मीटर. मग इझुकु वर्तुळात येतो, हात मागे घेतो आणि चेंडू पडतो ४६ मीटरवर. आइझावांचे केस वर उभे राहिलेले असतात. ते ज्याच्याकडे पाहतात त्याची शक्ती पुसली जाते आणि पापणी लवली की परत येते. पुन्हा हात मोडून निकामी होणार होतास, मग तुला वाचवायला दुसरा माणूस लागणार, असं ते सुनावतात. टीका कडू आहे पण बरोबर आहे.

दुसरी फेक चौकट-चौकट पाहण्यासारखी आहे. खांदा फिरतो, कोपर पुढे येतं, पंजा पुढे येतो आणि तोवर शक्ती कुठेच नाही. चेंडू सुटण्याच्या शेवटच्या क्षणी फक्त तर्जनीच्या टोकात सगळी शक्ती. अंतर ७०५.३ मीटर. बोट सुजून काळंनिळं, डोळ्यांत पाणी, मूठ आवळलेली. तो म्हणतो, “सर, मी अजून हलू शकतो.” बाकुगोपेक्षा दहा सेंटिमीटर जास्त. परीक्षेत तीन अवयव गेले होते, इथे एका बोटावर भागलं.

शेवटच्याला काढून टाकणार, हे आइझावा खोटं बोलले का?

ते स्वतः म्हणतात की तुमच्याकडून पूर्ण ताकद काढून घेण्यासाठी ती थाप होती. पण त्यानंतर ऑल माइट त्यांना गाठतो आणि वाचकाला कळतं की गेल्या वर्षी त्यांनी पहिल्या वर्षाचा अख्खा वर्ग काढला होता. इझुकु शेवटचाच, विसावा आला होता. म्हणजे धमकी खरी होती आणि ती मागे घेतली गेली. हा संवाद छोटा आहे, पटकन उलटून जातो.

मुलांना द्यावा का?

व्हिझने याला ‘टीन’ श्रेणी दिली आहे, म्हणजे साधारण तेराच्या पुढे. रक्त आणि मोडलेली हाडं दिसतात, पण पालकांनी आधी वाचावं ते पहिल्या प्रकरणातलं वर्गाचं दृश्य. बाकुगो इझुकुची वही जाळून खिडकीबाहेर फेकतो आणि पुढच्या जन्मी शक्ती मिळेल या आशेने गच्चीवरून उडी मार, असं म्हणतो. गोष्ट ते योग्य ठरवत नाही, इझुकु मनात त्याला चोख उत्तरही देतो. पण शाळेत छळ सोसणाऱ्या मुलाला हे पान एकट्याने वाचायला देऊ नका. सोबत वाचा आणि त्यावर बोला.

अॅनिमे पाहिला आहे. तरी वाचावं का?

बोन्स स्टुडिओचा अॅनिमे (याच गोष्टीची अॅनिमेशन मालिका) एप्रिल २०१६ मध्ये आला आणि हा खंड त्याच्या पहिल्या पाचेक भागांत संपतो. घटना त्याच आहेत. छापील खंडात जास्तीचं मिळतं ते प्रकरणांच्या मधली पात्रांची माहितीपानं आणि ऑल माइटच्या रेषेतला फरक, जो रंगात बराच निवळतो. उलट दिशेने सांगायचं तर ठोशाचा आघात अॅनिमेत आवाजामुळे जास्त भिडतो.

पुढे किती खंड आहेत?

एकूण ४२. मालिका ऑगस्ट २०२४ मध्ये ४३० व्या प्रकरणावर संपली. सगळे एकदम घेऊ नका. पहिला आवडला तर दुसरा आणि तिसरा घ्या, कारण पहिला खंड लढतीच्या उंबरठ्यावर थांबतो आणि इझुकु-बाकुगोचा पहिला हिशेब दुसऱ्यात होतो.

पावसाळ्यात खंड कसा सांभाळायचा?

मांगाचा कागद हलका आणि लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यामुळे तो उन्हाने लवकर पिवळा पडतो आणि दमट हवा शोषून घेतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर पुस्तक भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे दोन बोटं जागा सोडा. घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकून बुरशी धरते. डब्यात ठेवायचंच असेल तर आधी कोरड्या दिवशी पंख्याखाली पानं मोकळी करा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या महिन्याने बदला. पाठ डिंकाने चिकटवलेली आहे, पूर्ण सपाट उघडली की तडकते आणि पहिली सुटतात ती मधली पानं. दोन पानी चित्र पाहायचं असेल तर दोन्ही बाजूंना थोडी थोडी पानं हळूहळू दाबत मध्यापर्यंत या, मग पाठ सैल होते.